गाडीपासून उंबऱ्यापर्यंत : साताऱ्यातल्या एका घराच्या प्रवेशछताचे प्रकरण

घर साताऱ्यात, शाहूपुरी भागात. प्लॉट पंचेचाळीस बाय साठ, रस्ता पश्चिमेला, मुख्य दारही पश्चिमेकडे. आरसीसी सांगाडा, नऊ इंची विटांच्या भिंती, एकच मजला. दर्शनी भिंत अठ्ठावीस फुटांची. उत्तरेच्या साडेअकरा फुटी जागेत लोखंडी पाइपांवर कलर कोटेड पत्र्याची गाडीची शेड आहे. ती अठरा फूट लांब आहे आणि त्यातली साडेसहा फूट घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे येते. गाडीचे दार उघडले की घराचे दार समोर दिसते. मध्ये आठ फुटांचे उघडे अंगण, चार पायऱ्या आणि दोन फुटी छज्जा.

तक्रार सरळ होती. पावसात गाडीतून उतरून दारापर्यंत जाताना माणूस भिजतो. घरातल्या आजी काठी घेऊन चालतात आणि पायऱ्यांवरचा गुळगुळीत ग्रॅनाइट ओला झाला की त्यांना दोघांनी धरावे लागते. शिवाय शेडचा उतार घराकडे. तो मुद्दाम तसा ठेवलेला होता, कारण पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये. पण पन्हळ लावलेलीच नव्हती, त्यामुळे पागोळ्या थेट पायऱ्यांच्या तोंडाशी पडत.

आधी आलेले दोन प्रस्ताव

एका फॅब्रिकेटरने छज्ज्याच्या कडेला पट्ट्या ठोकून तिथून शेडपर्यंत पाइप टाकायचे आणि वर पॉलिकार्बोनेट शीट बसवायची असे सुचवले होते. गावोगावी हेच केले जाते आणि दहातल्या बऱ्याच ठिकाणी ते टिकलेलेही दिसते, म्हणून लोकांना त्यातला धोका पटत नाही. छज्जा कडेला जेमतेम तीन इंच जाड असतो. तो स्वतःचे वजन आणि वर चढलेला एखादा रंगारी पेलण्यापुरता असतो आणि त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. वाऱ्याने छत वर उचलले की छज्जा उलट दिशेने वाकतो. त्या दिशेला त्यात सळईच नसते. वीस वर्षांच्या छज्ज्याची कड आधीच गंजलेली असेल तर ड्रिल मारतानाच ढलपी निघते.

दुसरा प्रस्ताव घराला जोडून आरसीसी स्लॅबचा. तो भक्कम, पण तेवढ्या वजनासाठी चार नवे कॉलम, जुन्या बीममध्ये सळया रोवणे आणि वर परत वॉटरप्रूफिंग. सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात सोडायच्या मोकळ्या जागेत, पक्का स्लॅब टाकायचा तर नगरपालिकेकडे सुधारित नकाशा द्यावाच लागतो. हलक्या छतालाही बांधकाम विभागाला विचारून घ्यावे लागते, त्यातून सुटका नाही. पण आठ-दहा चौरस मीटरच्या आडोशासाठी स्लॅब हा उपाय आजारापेक्षा मोठा होता.

ठरले ते असे : हलके पोलादी छत, एक बाजू घराच्या आरसीसी बीमवर, दुसरी बाजू स्वतःच्या दोन खांबांवर, आणि शेडशी कुठेही जोड नाही.

पायऱ्या वळवल्या, तिथे निम्मे काम झाले

छताची चर्चा नेहमी वरून सुरू होते. इथे ती जमिनीपासून केली म्हणून आराखडा सुटला.

जुन्या अंगणाची पातळी शून्य धरली. घराचे जोते दोन फूट, म्हणजे ६०० मिमी. शेडचा कोबा गेटपासून चढत येतो आणि घराच्या दर्शनी रेषेपाशी १५० मिमीवर असतो. म्हणजे गाडीतून उतरणाऱ्याला ४५० मिमीच चढायचे. जुन्या पायऱ्या मात्र दारासमोर पश्चिमेला उतरत होत्या. आधी अंगणात खाली उतरायचे, मग पूर्ण ६०० मिमी चढायचे, तेही झडीकडे पाठ करून.

नव्या आराखड्यात दारासमोर २.१ मीटर लांब आणि २ मीटर रुंद ओटा घेतला आणि पायऱ्या त्याच्या उत्तर टोकाला, शेडच्या दिशेने उतरवल्या. घराच्या भिंतीला समांतर असल्यामुळे त्या पूर्ण छताखाली येतात. ४५० मिमीचे तीन भाग केले तर १५० ची पायरी येते, चार केले तर साधारण ११२ ची. काठी टेकणाऱ्या माणसासाठी चार घेतल्या आणि पाऊल ठेवायची रुंदी ४०० मिमी ठेवली. दोन उंची अधिक एक रुंदी ६०० ते ६४० मिमीच्या दरम्यान असली तर चाल अडखळत नाही. इथे ती ६२४ येते. घरच्यांना पायऱ्या विषम हव्या होत्या. चार चढांमध्ये सपाट पायऱ्या तीनच होतात, चौथा चढ ओट्यावरच जातो. मोजणी तिथे मिटली.

हिशेब असा जुळतो : ओटा २.१ मीटर, तीन पायऱ्या १.२ मीटर आणि शेडच्या पातळीवरची सपाट जागा जवळपास एक मीटर. एकूण चौदा फूट, म्हणजे ४.२७ मीटर. गेटकडून पायी येणारा माणूसही याच सपाट जागेवर येतो. पायऱ्यांची रुंदी भिंतीपासून दीड मीटर ठेवली. बाहेरचे अर्धा मीटर झाडांच्या वाफ्याला दिले, कारण तिथे झड येणारच.

झड

साताऱ्यात वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. महाबळेश्वराच्या पाच हजारांपुढे तो काहीच नाही. पण दिशा तीच, पश्चिम आणि नैर्ऋत्य. महाबळेश्वरात पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे आच्छादन बांधतात ते उगाच नव्हे. पश्चिममुखी दारासाठी प्रश्न पाऊस किती पडतो हा नसून तो किती तिरका येतो हा आहे.

छताची पश्चिम कड ओट्यापासून २.४ मीटर उंच आहे. पाऊस उभ्या रेषेपासून ३० अंश तिरका आला तर तो १.४ मीटर आत येतो. ४५ अंशांचा आला तर २.४ मीटर, म्हणजे दोन मीटर खोल छताखालचा उंबराही भिजतो. छत आणखी पुढे काढून हे सुटत नाही. जितके पुढे तितके वारा धरणारे क्षेत्र वाढते. उपाय म्हणजे आडवा पडदा. पायऱ्या उत्तरेला वळवल्यामुळे ओट्याची पश्चिम बाजू मोकळीच झाली होती. तिथे २.१ मीटर रुंदीत ॲल्युमिनियमच्या तिरक्या पट्ट्या बसवल्या : पट्टी १०० मिमी रुंद, बाहेरच्या बाजूला ४५ अंशांत झुकलेली, दोन पट्ट्यांमधले उभे अंतर ६० मिमी. ४५ अंशातली १०० ची पट्टी सुमारे ७० मिमी उंची झाकते, म्हणजे प्रत्येक पट्टी खालचीवर सेंटिमीटरभर चढते. वारा जातो, थेंब अडतो. ओट्यापासून एक फूट सोडून सुरुवात केली तर १.८ मीटर उंचीला तीस पट्ट्या लागतात. दोन मीटरची पट्टी वाऱ्यात घुंगरासारखी वाजते, म्हणून मध्यावर एक उभा आधार हवाच. उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊनही याच पट्ट्यांवर थांबते. हा फायदा मागून मिळत नाही, आपसूक मिळतो.

काच लावायचा आग्रह झाला होता. काच वारा पूर्ण अडवते आणि तो भार खांबांच्या पायावर येतो. शिवाय पावसाळ्यात तिच्यावर चिखलाचे ओघळ दिसत राहतात. नको.

छताची उंची का ठरली तशी ठरली

घरावर आधार घ्यायचा तर आरसीसीवरच, विटांवर नाही. बीम स्लॅबसकट ३८० मिमी खोल. अंगणाच्या शून्यापासून त्याचा तळ ३.३४ मीटरवर, माथा ३.७२ वर. बोल्ट ३.४५ च्या रेषेत घेतले आणि भिंतीशी छताचा पत्रा ३.५० मीटरवर आला. ही उंची झडीच्या दृष्टीने जास्त आहे. म्हणून उतार १० अंशांचा दिला : दोन मीटरमध्ये ३५० मिमी उतरून पश्चिम कड ३.१५ वर येते आणि पत्र्याखालचा सांगाडा धरून मोकळी उंची ओट्यावर २.४ मीटर राहते. पाच अंशांनी पाणी गेले असते, पण कड उंच राहिली असती. उतार पाण्यासाठी कमी आणि झडीसाठी जास्त वापरला, असे म्हणता येईल.

वर ३० मिमीचे पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले. साधा पत्रा स्वस्त, पण दारावरच ताशा वाजतो आणि पश्चिमेच्या उन्हात खाली उकडते. पॉलिकार्बोनेट उजेड देते, पण पावणेपाच मीटरची शीट ४० अंश तापमानफरकात सुमारे १२ मिमी लांबते. त्यासाठी भोके मोठी पाडावी लागतात आणि ती कुणी पाडत नाही. मग शीट स्क्रूपाशी तडकते. इथे दिवाणखान्याची खिडकी छताच्या बाहेर, दक्षिणेला आहे, त्यामुळे उजेडाची अडचण नव्हती. पॅनेलचे स्क्रू उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट. खाचेत मारलेला प्रत्येक स्क्रू पुढच्या पावसात एक थेंब देतो.

सांगाडा

भिंतीला ७५ × ७५ × ६ मिमीचा अँगल. तो १२ मिमीच्या केमिकल अँकरनी, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेल्या बोल्टनी, बीमला धरलेला : १४ मिमीचे भोक, ११० मिमी खोल, साधारण ६०० मिमीला एक, असे आठ. अँकर निसटतो तो बहुतेक वेळा धुळीमुळे. भोक पंपाने फुंकायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, परत फुंकायचे आणि मगच केमिकल भरायचे. कारागीर तोंडाने एकदा फुंकून मोकळा होतो. केमिकल मग सिमेंटला न चिकटता धुळीला चिकटते. भोकात सळई लागली तर जागा बदलायची, सळई कापायची नाही.

पश्चिमेला १०० × ५० × ४ मिमीचा बॉक्स बीम, ४.७२ मीटर लांब, दोन खांबांवर. खांब ८० × ८० × ४. दक्षिणेचा टोकापासून १५० मिमीवर, उत्तरेचा ३.२ मीटरवर, म्हणजे पायऱ्यांच्या पायथ्याजवळ. तिथून पुढचे दीड मीटर छत अधांतरी आहे, त्यामुळे गाडीचे दार, सामानाची पिशवी आणि गेटची वाट यांच्या मध्ये खांब येत नाही. भिंतीपासून या बीमपर्यंत सहा आडव्या रेजा (पाइप) ६० × ४० च्या. भिंतीकडच्या टोकाला त्या वेल्ड केलेल्या नाहीत; प्रत्येक रेज एका बोल्टवर आहे. नवा पाया पुढच्या दोन पावसाळ्यांत पाच-सात मिमी बसला, तर रेज बोल्टभोवती किंचित फिरते. वेल्ड असती तर तो ताण थेट अँकरवर गेला असता. पट्ट्यांचा पडदा सोडून लोखंड १९० किलोच्या आसपास भरते.

पाया मोठा कशाला, हा प्रश्न गवंड्यापासून मालकापर्यंत सगळे विचारतात. इतक्या हलक्या छताला खाली दाबणारे वजन फारसे नसते. पाया लागतो तो छत धरून ठेवायला. वाऱ्याच्या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे; साताऱ्यासाठी तोच धरला. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. उचलीचा गुणक एक धरला तर दहा चौरस मीटर छताला सुमारे ९३० किलोची उचल. छताचे स्वतःचे वजन तीनशेच्या आत. उरलेल्या ओढीतली निम्मी घर घेते आणि बाकीतला मोठा वाटा उत्तरेच्या खांबावर येतो, साधारण अडीचशे ते तीनशे किलो. एक फूट घनाचा नेहमीचा काँक्रीटचा गोळा ६५-७० किलोचाच असतो. इथे ६०० × ६०० × ७५० मिमीचा पाया घेतला. त्याचे वजन ६५० किलो.

याच हिशेबाने जुन्या शेडकडे पाहिले तर तिचे सहा पाइप फूटभर खड्ड्यात रोवलेले निघाले. एकोणीस चौरस मीटरचे छत आणि असा पाया. वळवाच्या वाऱ्यात ती का उडाली नाही, याला नशीब हेच उत्तर. नव्या कामाबरोबर तिच्या प्रत्येक पायाभोवती खोदून काँक्रीटचा कॉलर घातला.

उत्तरेच्या खांबाजवळ चाचणी खड्डा घेतला होता. घराच्या कोपऱ्याच्या कॉलमचा पाया भिंतीबाहेर किती येतो हे नकाशावर विसंबून ठरवू नये. इथे तो ६०० मिमी बाहेर होता. नवा खांब भिंतीपासून दोन मीटरवर असल्याने अडचण आली नाही. तो भिंतीलगत घेतला असता तर जुन्या पायावरच्या भरावात बसला असता आणि दोन वर्षांत कलला असता. खांब काँक्रीटमध्ये पुरलेले नाहीत. २०० × २०० × १० मिमीची तळप्लेट, १६ मिमीचे चार बोल्ट ४५० मिमी लांब, आणि प्लेट जमिनीपासून १५० मिमी वर. बॉक्स पाइपच्या तळाशी ६ मिमीचे भोक ठेवावे, आत साचलेले पाणी बाहेर पडते. पुरलेला पाइप नेमका जमिनीच्या रेषेत आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो.

जिथे तीन छते भेटतात

या सगळ्या कामातली अवघड जागा एकच : घराचा उत्तर कोपरा. तिथे घराची भिंत, नवे छत आणि शेड एकत्र येतात. तिघांची हालचाल वेगळी. शेड वाऱ्याने थरथरते, नवे छत थोडे बसते, घर जागेवर असते. आणि हा कोयनेचा पट्टा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. म्हणून नवे छत शेडवरून जाते, तिला टेकत नाही.

नवे छत कोपऱ्याच्या पुढे ४५० मिमी जाते; शेडची पन्हळ पूर्ण झाकून पत्र्यावर आणखी दहा इंच. पण शेडची कड २.७५ मीटरवर आणि नवे छत ३.१५ ते ३.५० वर, म्हणजे मध्ये बाजूने भिंतीकडे उंच होत जाणारी मोकळी जागा उरते. ती नव्या छताच्या टोकाला टांगलेल्या पत्र्याच्या पडदीने बंद केली. पडदी शेडच्या पत्र्याच्या ४० मिमी वर संपते. तिथे फोम किंवा सिलिकॉन भरायचा मोह होतो, पण भरू नये. एका मोसमात ते फाटते, अर्धवट चिकटून राहते आणि पाण्याला आत वळवते. मोकळी फट निदान प्रामाणिक असते.

शेडला ०.८ मिमी जीआयची (जस्त चढवलेल्या पत्र्याची) पन्हळ दिली, १५० रुंद आणि १२५ खोल, साडेपाच मीटरमध्ये सुमारे २८ मिमी उतार, पश्चिमेकडे. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर शेडवरून मिनिटाला ३२ लिटर येते, नव्या छतावरून १७. हिशेबाने ७५ मिमीचा पाइप भरपूर झाला, तरी शेडला ११० चा घातला, कारण समोर गुलमोहर आहे आणि त्याची बारीक पाने जाळीवर लगदा करतात. पन्हळ तुंबणार हे गृहीत धरून तिच्या पश्चिम टोकाला खाच ठेवली, वाटेकडच्या काठापेक्षा २५ मिमी खाली. तुंबली की पाणी समोर अंगणात धार लावते, वाटेवर नाही. धार दिसली की साफ करायची.

भिंत आणि नवे छत यांच्या सांध्यात प्लास्टरमध्ये २० मिमी खोल खाच मारून त्यात ॲल्युमिनियमची पट्टी वळवून बसवली, पत्र्याच्या १५० मिमी वर. खाच प्लास्टरपुरतीच, काँक्रीटमध्ये नाही. सांध्यात पीयू सीलंट, म्हणजे पॉलियुरेथेनचा लवचिक भरणा. नुसती पट्टी भिंतीच्या रंगावर सिलिकॉनने चिकटवली तर पहिल्या उन्हाळ्यात रंगाचा पापुद्रा घेऊन ती सुटते. गच्चीचे दोन इंची पाइप नेमके या छताच्या डोक्यावर उघडत होते. ते बाजूला वळवून थेट खाली नेले. त्याशिवाय पन्हळीचा सगळा हिशेब व्यर्थ गेला असता.

ओटा

मुरूम १५० मिमीच्या थरांत, पाणी मारून धुमसाने ठोकून, वर १०० मिमी काँक्रीट. भराव घालण्यापूर्वी जुन्या जोत्याच्या भिंतीला वॉटरप्रूफ कोट आणि वाळवीचा बंदोबस्त केला. नाहीतर ओल दिवाणखान्याच्या स्कर्टिंगवर निघते आणि दोष छताला मिळतो. ओटा आणि जोते यांच्यात १२ मिमीची फट भरणी घालून. ओट्याची फरशी उंबऱ्याच्या आतल्या पातळीपेक्षा २० मिमी खाली, बाहेर ८० ला १ उतार. पायऱ्यांना खरबरीत तोंडाचा ग्रॅनाइट, कडेला दोन खाचा. हातधरी भिंतीच्या बाजूला, कारण ती बाजू कोरडी राहते.

पडद्याचा मधला उभा आधार ओट्याच्या कडेवर उभा आहे, पण वर बीमला तो लांबट भोकात बोल्टने धरलेला आहे. ओटा बसला तर आधार खाली सरकतो, बीमला ओढत नाही.

पाण्याची चाचणी

काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चमध्ये संपवले. पावसाची वाट न पाहता होजपाइपने खालून वर अशी चाचणी घेतली. आधी शेडची पन्हळ, मग पडदी, मग छताचा पत्रा आणि शेवटी भिंतीचा सांधा, प्रत्येकी पंधरा मिनिटे. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही. भिंतीच्या सांध्यावर पाणी सोडल्यावर उत्तर कोपऱ्यात भिंतीवर ओल उमटली. पट्टी कोपऱ्याशी सरळ कापलेली होती, तिचे टोक वर वळवलेले नव्हते, त्यामुळे पाणी तिच्या आत धावत जाऊन टोकाशी भिंतीत शिरत होते. टोक ५० मिमी वर वळवून परत सील केल्यावर ओल थांबली. जूनमध्ये हीच ओल आली असती तर प्लास्टर फोडावे लागले असते.

आजींना पुढे व्हीलचेअर लागली तर काय, हा विचार आराखड्यात आहे, बांधकामात नाही. शेडच्या बाजूने १२ ला १ उताराचा रॅम्प ५.४ मीटर लांब होतो आणि गाडीच्या दाराची जागा खातो. दक्षिणेकडून मात्र जमते. भिंतीलगत २.७ मीटर, मग दीड मीटरचा वळणाचा चौथरा, मग गेटकडे तीन मीटर. यात ४७५ मिमी उतरते आणि उरलेले पाच इंच अंगणाच्या भरावाने मिळतात. म्हणून ओट्याच्या दक्षिण टोकाचा कठडा वेल्ड न करता चार बोल्टवर ठेवला आहे आणि त्या बाजूला दिव्याची वायर किंवा नळाचा पाइप काहीही नेलेले नाही.